बरोबरी नामंजूर

महाडच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या प्रियदर्शिनीने हौसेने बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्राम लिहिला होता. नाव ठेवलं होतं 'सावित्री'. जगातल्या अशा प्रोग्रामांमध्ये सावित्री कुठेतरी मधेच होती, पण तालुक्यात तिला हरवेल असा कोणी नव्हता.

हे 'स्वर्णिम केमिकल्स'च्या मंगेशशेठच्या कानावर गेलं. कारखान्याच्या वासावरून आसपासच्या गावांत कुरकुर वाढली होती, तेव्हा कंपनीला एखादं सुगंधी काम हवंच होतं.

"मॅडम, मी पैसा ओतला तर ही जगात पहिली येईल?"

"यंत्रं येतील, चाचण्या भराभर होतील, खेळ सुधारेल. पण वर जावं तशी सुधारणा बारीक होत जाते, सर. तिथे कोणी चुकतच नाही, म्हणून बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. शिवाय सगळ्यात जोरदार प्रोग्राम लोकांनी मिळून हौसेने केलाय. तो फुकट मिळतो."

मंगेशशेठनी त्यातलं 'सुधारेल' तेवढं ऐकलं.

वातानुकूलित खोली झाली, यंत्रं आली. घरी ज्या चाचणीला आठवडा लागायचा ती आता चहा संपेपर्यंत उरकायची. सावित्री खरंच सुधारली आणि प्रियदर्शिनी हरखून गेली. पैशाला आपण उगाच नावं ठेवली, असंही तिला वाटलं. मग सुधारणा थांबली. यंत्रं वाढवली, तरी सावित्री तसूभर हलेना.

तेव्हा मुंबईहून सल्लागार आले. त्यांच्यातल्या एकालाही घोडा कसा चालतो ते ठाऊक नव्हतं, पण सादरीकरण झकास होतं. त्यांनी सावित्रीचं नाव बदलून 'स्वर्णिम सम्राट' केलं. सावित्रीच्या डावांच्या निकालांचे तक्ते बघता बघता मंगेशशेठ भडकले.

"ही एवढी बरोबरी कसली? एवढा खर्च करून बरोबरी? बंद करा ती!"

"सर, समोरचा चुकला नाही तर बरोबरी हाच चांगला निकाल असतो," प्रियदर्शिनी म्हणाली.

"मॅडम, तुमची वृत्तीच मध्यमवर्गीय," मुख्य सल्लागार हसून म्हणाला आणि त्याने प्रोग्राममध्ये नियम घालून घेतला: बरोबरी दिसली की दुसरी चाल शोधायची.

महाडच्या सभागृहात जाहीर सामना ठरला. समोर तोच फुकटचा प्रोग्राम. पोलादपूरच्या बुद्धिबळ मंडळाचा राहुल तो आपल्या जुन्या लॅपटॉपवर चालवणार होता. मोठ्या पडद्यावर डाव सुरू झाला. दोन्हीकडून बिनचूक चाली पडत गेल्या. शेवटी त्याच त्या चाली फिरून यायला लागल्या आणि बरोबरी समोर दिसू लागली. सम्राटाला बरोबरीची बंदी होती. त्याने धडधाकट हत्ती उचलला आणि प्याद्याच्या तोंडी दिला.

"वा! काय धाडस!" पहिल्या रांगेतून सल्लागार ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्याच वेळात सम्राटाच्या राजावर मात झाली.

चहाचे कप गोळा करणाऱ्या भागोजीने प्रियदर्शिनीला हळूच विचारलं, "बाई, आपला हरला काय?"

"हो."

"मग टाळ्या कशाला वाजवतायत?"

तिकडे मंगेशशेठनी माईक घेतला होता. "आपण हरलो नाही! आपण बरोबरी नाकारली!" पुन्हा टाळ्या. खाली उतरून ते तिला म्हणाले, "यंत्रं कमी पडली. दुप्पट मागवतो."

"सर, यंत्रं भरपूर आहेत. एक नियम तेवढा काढा."

"कोणता?"

"तुमचा."

सोमवारी तिचं काम सल्लागाराकडे गेलं. कंपनीत केलेल्या सुधारणा कंपनीच्याच, असंही तिला कळवण्यात आलं. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. मग राहुलचा फोन आला. "मॅडम, तो डाव मंडळात समजावून सांगाल काय? सगळे मागं लागलेत."

रविवारी ती पोलादपूरला गेली आणि शाळेच्या वर्गात पटावर चाल-चाल मांडत गेली. हत्तीच्या चालीशी आल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, असं तर आमचा चांगूही नाय खेळायचा!" वर्गात हशा पिकला. मंडळातला सगळ्यांत कच्चा गडी असलेला चांगू स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसला. प्रियदर्शिनीलाही हसू आवरेना. हसत हसत तिने तो हत्ती पुन्हा जागेवर ठेवला आणि विचारलं, "बरं, इथे तुम्ही काय खेळला असतात?"