कोचामागची खुर्ची

मी कोचामागची खुर्ची बोलतेय. लाकडाचं बोलणं खरं मानू नका, चालेल. पण नेल्त्ये तर हाडामांसाची होती. तिचंही कुणी खरं मानलं नाही, याचा मला अजून राग आहे.

माझा जन्म फ्रीसलँडमधल्या एका स्वयंपाकघरातला. आमच्याकडे कालवे गोठले की पोरं घरची खुर्ची बर्फावर नेतात आणि तिची पाठ धरून घसरायला शिकतात. आल्बर्टिन माझी पाठ धरूनच शिकली. पुढे ती मनाची डॉक्टर झाली, आमच्या शहरातली अशी पहिलीच बाई. रोगी कोचावर पडून स्वप्नं सांगायचे, ती त्यांच्या डोक्यामागे माझ्यावर बसून ऐकायची.

पुरुष डॉक्टर म्हणायचे, "बाई, विणकाम तरी आणा सोबत."

तिनं खरोखरच आणलं.

आल्बर्टिनच्या कोचावर आलेल्या नेल्त्येची उजवी मूठ लहानपणापासून मिटलेली. स्वप्न एकच. धुक्यातला कालवा, खुर्चीवर धाकटा भाऊ योस्त, मागून ढकलणारी ती, आणि दूर कुणीतरी खांद्यावर काठी टाकून चाललेलं. काठीला लाल चिंधी. मग पायाखालचा बर्फ संपायचा. लहानपणी एकदा खरंच तसं झालं होतं. तिला ओढून काढलं, योस्त गेला.

"मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकापाशी खूण नव्हती हो," ती म्हणायची. "घरचे म्हणतात, होती, तूच आंधळी."

मोठे डॉक्टर म्हणाले, "भावाचा हेवा. लाल चिंधी म्हणजे मनातला राग." यांनी जन्मात कधी वाम मासे पकडायला बर्फ फोडला होता का?

आल्बर्टिनच्या सुया थांबल्या. नियम मोडून ती उठली, मला कोचासमोर ठेवलं.

"धर गं हिची पाठ. तेव्हा धरली होतीस तशी."

मूठ किंचित उघडली आणि माझ्या दांडीवर नेमकी बसली. खोलीत धुकं उतरलं. माझे पाय पुन्हा बर्फावर.

"लाल चिंधीची काठी भोकापाशी रोवतात, नेल्त्ये. ती खांद्यावर कशी?"

"घरी नेत होता," ती झोपेतल्यासारखी म्हणाली. "त्याचे वाम पकडून झाले होते."

आता आल्बर्टिन नाही. मी तिच्या भाचीच्या माळ्यावर, एका पायानं लुळी. जाळा मला हवं तर, पण पोरी सांगतात ते आधी ऐकून घ्या. "काठी मीच रोवली होती" अशी शपथ घेऊन जो योस्तच्या शवपेटीपाशी सगळ्यांत मोठ्यानं रडला, त्याचं नाव नेल्त्येनं माझ्या पाठीवर डोकं टेकून सांगितलं, आणि तिची बोटं एकेक करून सुटत गेली.

क्रेलिसमामा.