पेट्यांवरची अक्षरं

मेंदूच्या पेशी का मरतात, हे मला एकोणीस वर्षांपासून कळतं. म्हणजे कळत नाही, पण त्यावर मी तासभर बोलू शकते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणिका थकतात, थकलेल्या कणिका वेळेवर काढून टाकल्या जात नाहीत, आणि मग कंपवातात हालचाली सांभाळणाऱ्या पेशीच आधी कोलमडतात. सूक्ष्मदर्शकाखाली थकलेली कणिका मी एका नजरेत ओळखते. माझ्या नजरेची प्रयोगशाळेत ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात माझाच वाटा मोठा आहे.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून नमुन्यांच्या पेट्यांवरची लेबलं बाबा घरी बसून लिहून देतात. त्यांनी सारी हयात नकाशांवर गावांची नावं लिहिण्यात घालवली. अलीकडे त्यांचं अक्षर बारीक होत गेलं, तेव्हा एका लेबलवर जास्त मजकूर मावतो म्हणून मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. वर आणखी थोडं बारीक जमेल का, असंही विचारलं.

मागच्या महिन्यात रुग्णांचे नमुने द्यायला आलेल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई शीतपेटीसमोर थबकल्या. चार वर्षांच्या पेट्या त्यांनी ओळीने मांडल्या आणि हे अक्षर कोणाचं, म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "त्यांना माझ्याकडे घेऊन या," एवढंच म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंपवातात अक्षर आक्रसत जातं, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते, परीक्षेत त्याचे दोन गुणही ठेवते. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

तपासण्या झाल्या. कंपवातच निघाला. घरी आल्यावर बाबांनी चपला काढता काढता विचारलं, "तुझं काम याच्यावरच ना? मग त्या पेशी मरायच्या थांबवणारं औषध कधी येईल?"

अनुदानाच्या प्रत्येक अर्जात जे लिहिते, तेच माझ्या तोंडातून निघून गेलं. "पाच वर्षांत."

बाबांनी मनातल्या मनात आपल्या वयात पाच मिळवले.

"जमेल," ते म्हणाले. "तेवढं थांबतो मी."

पहिल्या अर्जातही मी पाचच लिहिले होते, हे सांगायची माझी छाती झाली नाही.