सुई ओवून दे

"अहो, वर येता का? बसलीय ती!"

"कोण बसलीय?"

"पक्षीण हो. घरट्यातून नुसती चोच बाहेर काढून बसलीय."

शिलाई मशीनवर वाकलेल्या मास्तरांनी मान वर केली नाही. "बसू दे तिला. मला इथं मान खाजवायला फुरसत नाही."

वरून हसू ऐकू आलं, पाठोपाठ खोकला. खोकला हसण्यापेक्षा लांबला.

खाली दुकान, वर खोली, बाहेरून अरुंद जिना. दुखणं वाढल्यापासून बायकोला तो उतरवत नव्हता. खिडकीशी तिची खाट होती आणि खिडकीबाहेर सैल पडलेल्या तारेला चिमणीहून लहान पाखराचं घरटं लटकत होतं. पूर्वी काज-बटणं, हातशिलाई सगळं तीच करायची. आता हातांत सुई ओवण्यापुरतंच बळ उरलं होतं, आणि मास्तरांच्या डोळ्यांना नेमकं तेवढंच जमत नव्हतं. ओवलेल्या सुया संपल्या की ते वर जायचे, तिच्याकडून ओवून घ्यायचे आणि लगेच खाली. नवराबायकोची भेट व्हायची ती अशी, दोऱ्याच्या निमित्ताने. देवाने माणसाला सवड दिली नाही असं नाही. माणूसच बापडा ती हातातल्या कामाखाली ठेवून विसरतो.

त्यात बँडच्या डगल्यांचं काम अंगावर आलेलं. बँडवाला रोज दारात हजर.

"मास्तर, आम्ही बनियनवर वाजवायचं का?"

"वाजवा की! लोक निदान बघतील तरी."

त्या दिवशी डॉक्टर तिला तपासून उतरताना जिन्यातच थांबले. "औषधाचं आता फार काही राहिलं नाही, मास्तर. जवळ बसा."

मास्तर उठले. दुपारीच दुकानाचं दार ओढून घेतलं आणि वर गेले. बटणं लावायचे राहिलेले डगले मात्र काखेत होते.

"आलो बघ. आता इथंच बसणार."

तिने डगल्यांकडे पाहिलं. "हात कुठं रिकामे आहेत तुमचे?"

"बटणंच तर आहेत. तू बोल, कान रिकामे आहेत."

"मला आधी वाटायचं, ही पक्षीण आळशी आहे मेली. किती किती वेळ हलत नाही." ती थांबत थांबत बोलत होती. "मग कळलं. बसणं हेच तिचं काम आहे. ती उठून गेली तर अंडी गार पडतील."

"हं."

"घरट्यात तुमचा लाल दोरा आहे, दुकानातला. वाऱ्याने गेला असेल. बघा तरी."

"बघतो. एवढं बटण होऊ दे."

ते बटण झालं. मास्तरांनी दुसरं घेतलं, मग तिसरं. खाटेवरचं ऊन भिंतीवर चढलं. दोरा संपला तशी मास्तरांनी डगल्यावरची नजर न काढता सुई-दोरा धरलेला हात पुढे केला.

"ओव गं."

हात तसाच राहिला.

"अगं, ओव ना. एकच राहिलंय."

मग त्या दुपारी पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. तिचं तोंड खिडकीकडे होतं.

तिचं दिवसकार्य झाल्यावर बँडवाला आला. दुकानाला कुलूप पाहून जिन्याने वर गेला, पण दारातच अडखळला. मास्तर तिच्या खाटेवर, खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेजारी घडी घातलेले डगले. एकाचं गळ्याचं बटण नव्हतं. सुई तिथेच टोचलेली, बिनदोऱ्याची.

"मी ओवून देऊ, मास्तर?"

"नको." ते म्हणाले, "तसाच ने."

"नेतो. गळ्याचं बटण काय, वाजवताना उघडंच लागतं." त्याने डगले उचलले, आणि मग जावं की थांबावं ते त्याला कळेना. "तुम्ही काय करताय?"

"बसलोय."

बाहेर तारेवरचं घरटं वाऱ्याने हलत होतं. गवतात लाल दोरा विणलेला होता आणि त्याच्याजवळून एक चोच बाहेर आली होती.

मास्तरांनी रिकामा हात उचलून बँडवाल्याला बोलू नको असं खुणावलं.