सहावा बोळा

तिने चिमट्याने पाचवा बोळा ओढून काढला, झटकला आणि वर्तमानपत्रावर बाकीच्या चार बोळ्यांशेजारी ठेवला. मग पुन्हा मोजले. पाचच.

स्टीअरिंगला दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘बोळे ६. काढल्याशिवाय सुरू करू नये.’ खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

इंजिनाच्या माथ्यावर कर्ण्यासारखी सहा तोंडं होती, प्रत्येक सिलिंडरला हवा पोचवणारं एक. शर्यतीची गाडी ठेवून देताना त्यांत कापडाचे बोळे कोंबायचे, म्हणजे धूळ आत जात नाही. आणि किती कोंबले ते लिहून ठेवायचं. हा नियम भावजींचा. भावजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे मेकॅनिक. नात्याने कुणीच नव्हेत, पण नवऱ्याने गाडी चालवली ती अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते. ‘हा माणूस चहातली साखरसुद्धा पान्याचा टॉर्क मोजून ढवळतो,’ नवरा म्हणायचा. अशा माणसाचा आकडा चुकेल, हे तिला पटेना.

तिसऱ्या तोंडावर चिकटपट्टी होती आणि पट्टीखाली काहीच नव्हतं. तिने विजेरी धरली. नळी आत वळत होती; वळणापलीकडे काळोख. बारीक तारेचा कॅमेरा सोडला. फोनच्या पडद्यावर व्हॉल्व्हची कड दिसली, तेलाचा ओघळ दिसला, कापड दिसलं नाही. पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. बोळा घसरून कुठे अडकला असेल, तर इंजिन फिरताच आत ओढला जाणार, व्हॉल्व्हखाली सापडणार, आणि मग सगळंच संपलं. खात्री करायची तर वरचा भाग खोलायला हवा. ते आठवड्याचं काम. उद्या सकाळी तंत्रविद्यालयाचा ट्रक गाडी न्यायला येणार होता. तिथे गाडीतलं पेट्रोल, ऑइल काढून घेणार आणि ती काचेमागे ठेवणार. त्यानंतर हे इंजिन कधीच वाजणार नव्हतं. तिला ते एकदाच ऐकायचं होतं.

बाकी सगळं झालं होतं. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडलं होतं, दोन दिवस मुरू दिलं होतं, लांब पान्याने इंजिन तसूतसूने फिरवून पाहिलं होतं. नवं पेट्रोल, नवं ऑइल, नवी बॅटरी. अकरा वर्षं ती शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभी असायची. पाना कुणी कधी हातात दिला नाही, पण क्रम पाठ झाला होता.

भावजींचा नंबर फोनमध्ये होता. नऊ वर्षांत लावला नव्हता. नवरा गेल्याच्या पुढच्या आठवड्यात ते एकदा आले, दिवसभर या शेडमध्ये राहिले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि निघून गेले. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना पाठमोरं पाहिलं होतं. गाडी धावत होती तोवरच हा माणूस आपला होता, असं तिने नणंदेला सांगितलंही होतं.

ती स्टुलावर बसली. फोन लावला.

“भावजी, मी बोलतेय.”

पलीकडचा रेडिओ बंद झाला.

“वहिनी.”

“सहा लिहिलेत. पाच निघाले.”

कशातले, असं त्यांनी विचारलं नाही.

“तिसऱ्यावर चिकटपट्टी होती?”

“होती.”

“मग आत काही नाही. करा सुरू.”

“असं कसं करू? तुम्हीच लिहून ठेवलंय, काढल्याशिवाय...”

“मी काढलाय. त्याच दिवशी. पुठ्ठा बदलायचा राहिला.”

“तुमचा राहिला? तुमचा, भावजी?”



“चिंध्या संपल्या होत्या,” ते म्हणाले. “खुंटीवर एक करडा शर्ट होता. फाडला, सहा तुकडे केले, कोंबले. हात पुसायला लागलो तेव्हा लक्षात आलं, शर्ट कुणाचा ते.” “तोवर सगळा आत गेलेला. एक काढून घेतला.”

तिने वर्तमानपत्राकडे पाहिलं. ग्रीसने काळ्या पडलेल्या एका तुकड्याला काजाची शिवण होती.

“घरी का नाही आलात तेव्हा?”

“हात काळे होते.”

“साबण होता घरात.”

“हो.” ते किंचित हसल्यासारखे झाले. “तेव्हा सुचलं नाही. आणि नंतर येऊन काय सांगणार होतो, वहिनी? फाडला म्हणून?”

बाहेर कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली.

“ऑइल गरम केलंत?” त्यांनी विचारलं.

“मघाशीच.”

“मग थांबू नका. निवेल.”

“सुरू करायला दोन माणसं लागतात. एक आत, एक बाहेर.”

“बटणाला लांब वायर जोडली की एकट्यालाही जमतं. पाहिलंय तुम्ही मला करताना.”

पाहिलं होतं. दोन मीटर वायर तिने सकाळीच जोडली होती. बटण आत्ता तिच्या मांडीवर होतं.

“मला नाही जमत,” ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग लोखंडावर लोखंड.

“चार तास लागतील मला.”

“लागू देत.”

फोन ठेवून तिने पक्कड घेतली आणि वायरीची दोन्ही टोकं सोडवली.