अर्ध्या बॉलमधलं टपाल

मी एक जुना बास्केटबॉल आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. माझा एक अर्धा सेलूतल्या एका कॉलेजात, जिमखान्याच्या खोलीत, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला आहे. दुसरा अर्धा बाहेर मैदानाच्या कडेला कडुलिंबाच्या फांदीला तारेने टांगलाय. त्यात पाखरांसाठी पाणी असतं. एक अर्धा खोलीतलं बघतो, दुसरा मैदानावरचं. एकाला जे कळतं ते दुसऱ्याला कळतं. कसं, ते मला विचारू नका. मलाही त्याची भीती वाटते.

जालंधरच्या कारखान्यात मी तयार झालो. रबराच्या पिशवीवर दोरा गुंडाळला, वर पट्ट्या चिकटवल्या आणि अंगभर बारीक दाणे उठवले. ते दाणे म्हणजेच माझे डोळे. एकदा ज्याचा हात लागला तो हात मी विसरत नाही. माणूस नाव बदलेल, आवाज बदलेल, पण हात बदलता येत नाही.

खोक्यातून मला बाहेर काढलं ते नागसेन सरांनी. ते कॉलेजचे बास्केटबॉलचे कोच. कोच म्हणायचं आपलं, कॉलेजच्या कागदावर ते तासिका तत्त्वावरचे होते. जितके तास तितकंच काम, जितकं काम तितकीच ओळख. केस पांढरे झाले तरी त्यांना कुणी कायम केलं नाही. मैदानाला तडे होते, रिंगला जाळी नव्हती, आणि सर मात्र रोज चुन्याने नव्या रेघा मारत होते. त्यांच्या बोटांच्या पेरांत चुना कायमचा बसला होता. हात कोरडा, खरखरीत. पहिल्याच दिवशी माझ्या दाण्यांनी तो नोंदवून घेतला.

सरांची एक रीत होती. ते कुणाला शाबास म्हणत नसत. पोराने लांबून बास्केट टाकली, सगळं मैदान ओरडलं, तरी सर म्हणायचे, "दुसरी टाक." शाबास म्हटलं की हात ढिला पडतो, असं त्यांचं ठाम मत. शिव्या मात्र भरपूर. "बॉल हाय तो, भाकर न्हाई. थापू नको, बोटांनी खेळव!" "पालमची एसटी हाईस का रे? हात केला तरी थांबंनास!"

ही दुसरी शिवी महांतेशसाठी होती. पालमहून शिकायला आलेलं उंच, लाजरं पोरगं. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात त्याचा डावा तळवा चिरला होता. त्या वणामुळे तो डावा हात वापरायचाच नाही. सर रोज त्याच्या मागे लागायचे. "डावा हात! गुडघे वाकव, खाली राहा!" असं ऐकत ऐकत तो संघाचा कप्तान झाला, आणि एक दिवस फौजेत भरती होऊन निघून गेला.

मीही काही सुखात नव्हतो. मैदानाच्या कडेच्या बाभळींनी मला अनेकदा टोचलं. सायकलच्या दुकानातून ठिगळं लावून झाली. शेवटी हवा राहीना, तेव्हा ऑफिसचे तात्याराव म्हणाले, "भंगारात टाका." सरांनी टाकलं नाही. करवतीच्या पात्याने मला मधून कापलं. अर्धा पाखरांना दिला, अर्धा खोलीत टपालासाठी ठोकला. येणारं पत्र माझ्यात, जाणारं पत्रही माझ्यात.

सर आपल्या जुन्या खेळाडूंना कार्ड लिहायचे. फोन त्यांना आवडत नसे. म्हणायचे, "फोनवर पोरगं हो सर, हो सर करतं आन् काय बी ऐकत न्हाई." कार्डात मोठं काहीच नसायचं. रिंग वाकलीय. मुलींचा संघ जालन्याला हरला, बरं झालं, माज उतरला. लिंबाखाली मुंगूस आलंय. तुझं वजन किती? डावा हात वापरतोस का?

मग सीमेवर लढाई पेटली. महांतेश अगदी पुढच्या चौकीवर होता. तिथे फोन बंद झाले. त्याचं एक कार्ड आलं, सरांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला ठाऊक आहे. "सर, इकडे रात्रंदिवस आवाज असतो. हात थरथरतो. तुमचं पत्र आलं की थांबतो. लिहायचं थांबवू नका."

सर त्या दिवसापासून रोज लिहू लागले.

त्याची आई चन्नबसम्मा पालमहून एसटीने यायची. पिशवीत शेंगदाण्याची चटणी असायची. पत्र ऐकायची, आणि प्रत्येक वेळी एकच सांगायची. "सर, इचारा त्येला, जेवलास का म्हून."

"इचारलंय, अक्का."

"पुन्हा इचारा. लाजतंय ते. मागून खात न्हाई."

पलीकडे ऑफिसात टीव्ही लावलेला. तात्याराव खुर्चीतून उठून ओरडायचे, "घुसा! घुसाच आता!" सर एकदा दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तात्याराव, तुमचं पोरगं पुण्याला हाय ना? बोलवा त्येला. घुसू द्या." नंतर आठवडाभर तात्याराव सरांशी बोलले नाहीत. मला ते फार आवडलं.

मे महिन्यात कॉलेज ओस पडतं. त्या दिवशी ऊन असं होतं की लिंबावरचा कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसला होता. सर एकटेच मैदानावर रेघा मारत होते. सुट्टीत पोरांना शिकवायचं होतं त्यांना, कुणी सांगितलं नसताना. फ्री थ्रोची रेघ निम्मी झाली आणि सर तिथेच गुडघ्यांवर बसले. मग आडवे झाले. माझ्या बाहेरच्या अर्ध्याने ते पाहिलं. आतल्या अर्ध्याला कळलं. दोघांनाही ओरडता आलं नाही.

मे महिन्यात तास नसतात, म्हणून सर त्या दिवशी कामावर नव्हतेच, असं ऑफिसने ठरवलं. घरच्यांना मदत नाही. शोकसभेला सगळे दोन मिनिटं उभे राहिले. तेवढ्यात एकाचा मोबाईल वाजला, त्यावर लढाईचं गाणं लावलेलं होतं. मित्रांनो, अशा माणसांना देशभक्त म्हणतात, आणि चुना मारता मारता मेलेल्याला तासिका तत्त्वावरचा म्हणतात. मी रबराचा आहे, तरी मला लाज वाटली.

सरांची मुलगी सुकेशनी. तीही याच मैदानावर खेळून मोठी झालेली, म्हणून बापालाही सरच म्हणायची. नवा माणूस येईपर्यंत खोलीची किल्ली तिच्याकडे राहिली. किल्ली एकच, तिच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली. सरांच्या मातीनंतर चन्नबसम्मा आली आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसली.

"पोरी, त्येला कळवू नगंस."

"अक्का, सरांचं पत्र गेलं न्हाई तर त्येला कळंलच की."

"म्हून तर आलेय. तू लिही. तुज्या बापाच्या नावानं लिही. तिकडं त्येचं ध्यान उडालं तर..."

सुकेशनीने सरांचं एक जुनं कार्ड समोर ठेवलं आणि तसंच वळण गिरवायला लागली. वळण हुबेहूब जमलं. शाई तीच, सही तीच. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचलं. तिने शेवटी लिहिलं होतं, "शाबास, महांतेश. आम्हाला तुझा अभिमान आहे."

अगं, पुस नं ते! तुझ्या बापाने कधी कुणाला शाबास म्हटलंय का? पण मी कसा बोलणार. तिचा मऊ, घामेजला हात मला लागला, कार्ड माझ्यात पडलं, आणि संध्याकाळी ती ते टपालपेटीत टाकून आली.

उत्तर आलं. "सर, पत्र मिळालं. हात ठीक आहे." सुकेशनी रडली, हसली, पुन्हा लिहायला बसली. असं चालू राहिलं. टीव्हीवरची लढाई लवकरच संपली, तात्याराव क्रिकेट बघायला लागले. चौकीवरची संपली नव्हती.

आणि याच दिवसांत ते सुरू झालं.

भर दुपारी, मैदानावर चिटपाखरू नसताना, माझ्या बाहेरच्या अर्ध्यातलं पाणी हलायला लागलं. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. पाण्यात मधोमध एक गोल उठायचा, विरायचा, पुन्हा उठायचा. ठप. ठप. ठप. तो ठेका मी अंगावर झेललेला आहे, तो मला चुकणार नाही. कुणीतरी बॉलचे टप्पे मारत होतं. बोटांनी, थापून नव्हे. बॉल दिसत नव्हता. पाणी प्यायला आलेली चिमणी काठावर बसली आणि तशीच पाणी न पिता उडाली.

एका सकाळी फ्री थ्रोची निम्मी रेघ पूर्ण झालेली होती. कॉलेजच्या शिपायाने ती पाहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून तो मैदानातून जाईना, कंपाउंडला वळसा घालून जायला लागला.

मग ती दुपार. खोलीला कुलूप होतं. किल्ली गावात, ओढणीच्या टोकाला. खिडकी बंद. आतली हवा तापून माझे दाणे मऊ पडले होते. आणि एकाएकी मला हात लागला. कोरडा. खरखरीत. पेरांत चुना. तो हात माझ्या काठावर क्षणभर टेकला, दमलेला माणूस दाराच्या चौकटीला टेकतो तसा. मग एक कार्ड माझ्यात पडलं.

एवढ्या उकाड्यात तो हात गार होता.

संध्याकाळी सुकेशनी आली. सकाळी लिहिलेली तिची कार्डं माझ्यात होतीच, तिने सगळी एकदम उचलली आणि न बघता पेटीत टाकायला नेली. मी सगळ्या खिळ्यांनिशी भिंतीला धरून राहिलो.

पावसाळा सरत आला तेव्हा महांतेश रजेवर घरी आला. घरी पिशवी टाकली आणि आईला घेऊन पहिल्या गाडीने थेट इथे. गाल बसलेले, नजर सारखी दारांकडे, खिडक्यांकडे. सुकेशनी उठून उभी राहिली.

"महांत्या, सर बाहेर..."

"ताई, राहू दे. मला म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"पयल्याच कार्डाला. शाबास लिव्हलं होतं तू." तो कसनुसा हसला. "सरांनी? मला? चौकीत बसून हसलो बघ. मंग रडलो."

"मंग लिहीत का राहिलास रे, गाढवा?"

"मी थांबलो असतो तर तू बी थांबली असतीस."

चन्नबसम्माने तोंडाला पदर लावला. मग त्याने खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कार्डं काढली आणि त्यातलं एक वेगळं केलं.

"पण ताई, ह्ये लय भारी जमवलंस. ह्ये वाचलं तवा मला वाटलं, मीच येडा, सर जित्ते हायेत."

सुकेशनीने ते हातात घेतलं आणि वाचलं. "शाबास कुणी म्हटलं तुला? डावा हात वापर. गुडघे वाकव. खाली राहा. जेवलास का?"

कार्डाच्या कोपऱ्यावर चुन्याचा पांढरा अंगठा उमटलेला होता.

"ह्ये मी लिहिलं न्हाई," ती म्हणाली.

"चेष्टा नको करू."

"सरांची आण. ह्ये मी लिहिलं न्हाई, महांत्या."

बाहेर लिंबाखाली पाणी हललं. मला कळलं. त्यांना कळलं की नाही, ठाऊक नाही. पण महांतेशने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"ह्ये कार्ड आलं त्याच संध्याकाळी गोळीबार झाला. मी खाली राहिलो, ताई," तो अगदी हळू म्हणाला. "कार्ड खिशात व्हतं. सर म्हणले म्हून गुडघे वाकवून बसलो. माझ्या शेजारचा उभा व्हता."

चन्नबसम्माने त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि सोडलंच नाही.

जाताना तो माझ्याजवळ आला. माझ्यात हात घातला. डावा. वणाची रेघ माझ्या दाण्यांवरून फिरली. हात थरथरत नव्हता. पण मी थरथरलो, कारण त्याच्या हातावर, वरून धरल्यासारखा, आणखी एक हात होता. गार, कोरडा. महांतेशने हात लगेच काढला नाही. डोळे मिटून तसाच उभा राहिला.

मित्रांनो, आता ही खोली रिकामी करायचं ठरलंय. इथे कसलंसं स्टोअर होणार म्हणतात. तात्यारावांनी मला पुन्हा भंगारात लिहिलंय. लिहू देत. मला माझ्यासाठी काही मागायचं नाही, मी कापून झालेला बॉल आहे. पण तुमच्या शाळेत, कॉलेजात कुणीतरी उन्हात रेघा मारत असेल. त्याचं नाव कुठल्या कागदावर कसं लिहिलंय ते बघून त्याची किंमत करू नका. तो पडायच्या आधी त्याच्या हातातला चुन्याचा डबा घ्या. त्याच्या पोरांच्या जिवावर टीव्हीसमोर बसून लढाई करू नका. त्यांना पत्र लिहा, जेवलास का विचारा.

आणि कधी सेलूला आलात तर लिंबावरच्या माझ्या अर्ध्यात तांब्याभर पाणी ओता. भर दुपारी, वारा नसताना ते हलायला लागलं, तर पळू नका. तडक मैदानावर जा, गुडघे वाकवा, डावा हात पुढे करा.

शाबासकीची मात्र वाट बघू नका. ते म्हणणार नाहीत.