एक्क्याची डावी बाजू

पोटात कळा येतात म्हणून एक्का सोनोग्राफीच्या टेबलावर येऊन आडवा झाला आणि तपासायला कोण, तर सख्खी वहिनी! इथली नेहमीची तपासणारी रजेवर होती, तिच्या जागी आज वहिनी आली होती. त्याचं तोंड असं काही उतरलं की वहिनीला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

एक्का हे त्याचं घरात पडलेलं नाव, एकाच किडनीवरून. सात वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तिची जुळेना, सासूबाईंना मधुमेह. उरला हा धाकटा दीर, रक्तगटही तोच. तेव्हा यानं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "मला जन्मापासून एकच आहे हो, वहिनी." ती म्हणाली, मी बघते ना, पाच मिनिटांचं काम. तर गडी लाजला. वहिनीसमोर पोट उघडं टाकायचं म्हणजे काय! सगळे हसले. आजारी नवराही हसला आणि तीही हसली. त्या हसण्याचा तिला अजून संताप येतो. नवरा पाच महिन्यांत गेला. आणि या एका किडनीवाल्याला सासूबाईंनी सात वर्षं पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही.

"फक्त पित्ताशय बघा," एक्का म्हणाला. "डॉक्टर तेवढंच बोललेत."

"चिठ्ठीवर पूर्ण पोट लिहिलंय, भाऊजी. शर्ट वर घ्या. आज लाजून कसं चालेल?"

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. एरवी ती नातेवाइकांना बाहेर बसवायची. आज तिनंच त्यांना आत बोलावलं होतं. संशय तिला जुनाच होता, पण जे काही दिसेल ते आईच्या देखत दिसायला हवं होतं.

जेल कोमट करून लावायची तिची पद्धत. आज गारच थापलं. एक्का केवढ्यानं दचकला! काम मात्र तिनं चोख केलं. पित्ताशयात दोन खडे होते, दोन्ही मोजले. यकृत ठीक. उजवी किडनी ठीक.

"झालं ना?" तो उठायलाच लागला.

"उजव्या कुशीवर वळा."

"तिकडं काही नाहीये, वहिनी."

"नाहीये, हेच तर लिहायचंय मला. श्वास घ्या, धरून ठेवा."

प्लीहेच्या खाली ती दिसली. अकरा सेंटिमीटरची, अगदी ठणठणीत. तिनं चित्र थांबवलं, दोन्ही टोकांना खुणा केल्या. श्वास सोडा म्हणायचं ती विसरली नव्हती, मुद्दामच म्हणाली नाही. एक्का लालबुंद झाला, मग स्वतःच भस्सकन सोडून मोकळा झाला.

तिनं यंत्राचा पडदा सासूबाईंकडे वळवला. "आई, ही बघा तुमच्या लेकाची दुसरी किडनी."

आता त्या त्याच्या थोबाडीत देतील, तिच्या गळ्यात पडून रडतील, असं तिनं कितीदा मनात रंगवलं होतं. सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या दाराकडे बघत होत्या, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं त्याला तसं बोलायला. एक तर हातचा जातच होता. दुसऱ्यालाही कापायला देऊ? आई आहे मी."

"ह्यांचीही आईच होतात ना?"

सासूबाईंनी उठून दार नीट लावून घेतलं. एक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिला रडू फुटलं नाही, नुसता राग राग झाला. आतापर्यंत एकाचाच होता, आता दोघांचा. तिनं रिपोर्ट एक अक्षर इकडचं तिकडं न करता लिहिला. मग डाव्या किडनीचं चित्र आणखी एकदा छापलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं.

"हे ह्यांच्या फोटोशेजारी लावा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं की कशाचं आहे ते सांगा. मी दर रविवारी तुमच्याकडे येईन, जागेवर आहे का बघायला."