व्यवसाय : गृहिणी

"कमळू, नीट लिही हां. तिथे सुम्ने, उगाच 'गृहिणी' ठोकू नको. उद्या तेच माझ्या गळ्याशी येईल."

नागरत्नाआत्यांनी हे बजावलं तेव्हा कमलाक्षी हसली होती. चामराजपुरमच्या घरात, मांडीवर दोन महिन्यांची लेक घेऊन, ती आत्यांचा रेशीम खात्याच्या नोंदणीचा फॉर्म भरत होती. "इरली, असू दे आत्या, विधवा बाईनं दुसरं काय लिहायचं? गृहिणी म्हटलं की मान राहतो," असं म्हणून एम.ए. झालेल्या कमलाक्षीनं तो शब्द सुवाच्य अक्षरात लिहून टाकला.

कृष्णराजनगरपासून कोसभर आत, नवऱ्यामागे वीस वर्षं आत्यांनी तुतीचा मळा एकटीनं सांभाळला होता. पाला कापायचा, बांबूच्या ताटांतल्या रेशमाच्या अळ्यांना घालायचा. अळ्यांना त्या 'माझी हुळं' म्हणत. हुळं खाऊ लागली की शेडभर बारीक कुरकुर चाले. ती ऐकतच आत्या स्वतःचं ताट वाढून घेत. जमीन मात्र पहाणीत, म्हणजे सरकारी उताऱ्यात, धाकट्या दिराच्या नावावर. विधवेचं नाव चढवलं की जमीन घराबाहेर जाते, असं त्या घरात सगळेच मानत. बायकासुद्धा.

२०११ साली दिल्लीनं परदेशी कच्च्या रेशमावरची जकात उतरवली. "आता चीनचं सूत येणार बघ," कमलाक्षीचा नवरा व्यासराज पेपरातून मान वर करून म्हणाला.

"म्हणजे साड्या स्वस्त!" कमलाक्षी म्हणाली.

आत्या विकत त्या रेशीमकोषांचा भाव कोसळला. मग सरकारी मदत निघाली, पण नोंदलेल्या शेतकऱ्यांपुरती. कमलाक्षी आत्यांना घेऊन कचेरीत गेली. कारकुनानं तिचाच फॉर्म तिच्यापुढे फिरवला. "अम्मा, इथे गृहिणी लिहिलंय. गृहिणीला कसली शेतीची मदत?"

"हौदा? असं होय?" एवढंच आत्या म्हणाल्या. कमलाक्षीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात आत्यांचे दीर नरसिंगराव ट्रॅक्टर घेऊन मळ्यात आले. "वैनी, पुरे झाली ही किडे पाळायची हौस. ऊस लावतो."

"चौथी कात टाकून उठलीत हो, भावजी. आठ दिवस थांबा, कोष विणतील. उपाशी मरतील."

"किड्यांसाठी थांबू? आणि तुमचं काय अडलंय? दोन घास मी घालीनच की."

दुपारपर्यंत तुती मुळासकट निघाली.

कमलाक्षीनं आत्यांना आपल्या घरी आणलं. "शेवटी सगळी हुळं मान वर करून बघत होती गं," त्या एकदाच बोलल्या. "मग आवाज बंद झाला."

लेकीचा घासन्‌घास निरखणारी, रात्री उठून तिचा श्वास चाचपणारी कमलाक्षी आत्यांना रोज विचारायची, "जेवलात ना?"

"जेवले की."

तेवढ्यावर ती पुढे जायची. आत्यांच्या खोलीतलं झाकलेलं ताट तिनं कधी उघडून पाहिलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी आत्या उठल्याच नाहीत. पलंगाखाली झाकलेलं ताट होतं. आदल्या दिवशीचा भात जसाच्या तसा.

मृत्युनोंदीच्या खिडकीवर नरसिंगराव सांगत होते, "व्यवसाय? घरीच असायची. गृहिणी लिहा."

"नाही." लेकीला कडेवर घेऊन कमलाक्षी पुढे झाली. "रेशीम शेतकरी लिहा."

"पहाणी आहे का अम्मा, त्यांच्या नावची?"

"नाही."

"मग? गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

"मी एकदा गृहिणी लिहिलं होतं. तेव्हा पडला. लिहा तुम्ही. तोवर खिडकी सोडत नाही."

मागची रांग कुरकुरू लागली. कमलाक्षी हलली नाही.

वाचकहो, तुमच्याही घरची एखादी आत्या, काकू, वहिनी दुसऱ्याच्या नावावरच्या शेतात राबत असेल. आज तिच्याकडे जाऊन या. कागदावर तिला काय म्हटलंय ते विचारा. आणि "जेवलात ना?" म्हणून उंबऱ्यावरून परत फिरू नका. आत जा, ताटावरचं झाकण उचलून बघा.